पहारेकऱ्यानें हेरहि ओळखावा काय?

गेल्या दिवाळींत माझी पुतणी दोन वर्षांनीं माहेरीं आली. आमचें घर गोंदियास, रेल्वेस्टेशनापासून पायीं वीस मिनिटांवर. तिघे भाऊ, तिघांचा संसार एका चुलीवर, ऐंशी वर्षांची आई, आणि लहानथोर धरून घरांत अकरा मोबाईल. धानाची कापणी चालू असल्यामुळें गांवांत ट्रॅक्टरांची व गिरण्यांची गडबड होती, घरांत फराळाची. अशा गडबडींत लेकीच्या हातांतल्या मोबाईलकडे कोणाचें लक्ष गेलें नसतें. परंतु तिच्या आईनें, म्हणजे माझ्या धाकट्या भावजयीनें, दोनदां विचारलें, "अगं, तुझा फोन सारखा तापतो कां? आणि दर दोन तासांनीं चार्जिंगला कां लावतेस?"

तिचा भाऊ नागपुरास संगणकशास्त्र शिकतो. त्यानें फोन घेऊन त्यावरील अँटिव्हायरस चालविला. पडद्यावर हिरवी ढाल उमटली व तिच्याखालीं 'कोणताहि धोका आढळला नाहीं' अशी ग्वाही. ती पाहून मी आपल्या वर्तमानपत्राकडे वळलों. मुलगा मात्र तेथें थांबला नाहीं. ढालीच्या बऱ्याच खालीं, करड्या बारीक अक्षरांत, आणखी एक ओळ होती : 'संभाव्यतः अनावश्यक अ‍ॅप : १'. त्यानें त्या ओळीवर बोट ठेवलें. आंतून एक अ‍ॅप निघालें. त्याचें चिन्ह पडद्यावर कोठेंहि दिसत नव्हतें. नांव असें कीं तो फोनचाच एखादा अंतर्गत भाग वाटावा. आणि मायक्रोफोन, संदेश, छायाचित्रें व ठावठिकाणा या चारहि गोष्टींची परवानगी त्याच्यापाशीं होती.

"काका, हा व्हायरस नाहीं," तो मला म्हणाला. "हा हेर आहे."

पुतणी कांहीं वेळ बोलली नाहीं. मग हळूच म्हणाली, "फोन ह्यांनींच घेऊन दिला होता. सगळं बसवूनच दिला."

घरांत जें झालें तें पुढें सांगतों. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं व तो या मासिकाच्या वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख. दाराशीं पहारेकरी ठेवला. त्याला पगार दिला. चोर दिसला कीं ओरड, असें त्याला सांगितलें. आतां माजघरांत कोणी कान लावून बसला आहे हें त्याला ठाऊक असूनहि 'चोर नाहीं हो, सर्व ठीक आहे' अशी ललकारी त्यानें आधीं दिली, आणि हेराची गोष्ट मागाहून, ओठांतल्या ओठांत सांगितली, तर त्यानें आपलें काम केलें काय?

पहारेकऱ्याच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे. त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. घरगुती संगणकांत पसरलेल्या व्हायरसांपैकीं अगदीं आरंभींचा एक १९८६ सालीं आपल्या शेजारीं, लाहोरांत, दोघां अल्वी बंधूंनीं लिहिला. त्याचें नांव 'ब्रेन'. १९९० सालीं आपल्याच देशांत एक सांपडला, त्याचें नांव 'जोशी'. दरवर्षीं ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' हीं अक्षरें टंकित केल्यावांचून सोडीत नसे. या एका व्रात्य मजकुरामुळें त्या काळीं संगणक बाळगणाऱ्या प्रत्येक निरपराध जोशीबुवांस जानेवारींत मित्रांची थट्टा सोसावी लागली असेल, असें मला वाटतें. हे व्हायरस फ्लॉपी नांवाच्या चकत्यांतून एका यंत्रांतून दुसऱ्यांत जात. त्यांचा उपाय शोधण्याच्या धंद्यांतूनच पुण्यास कैलास व संजय काटकर हे बंधु पुढें आले. वडील बंधु कैलास हे शालेय शिक्षण अर्धवट टाकून गणकयंत्रें दुरुस्त करणारे; धाकटे संजय मॉडर्न महाविद्यालयांत संगणक शिकणारे. दुरुस्तीला येणारीं यंत्रें व्हायरसानें बिघडलेलीं आहेत हें ध्यानीं आल्यावर धाकट्यानें आज्ञावली लिहिली, थोरल्यानें ती विकली, आणि त्यांतून 'क्विक हील' हें नांव मराठी घरोघरीं पोंचलें. २०१६ सालीं ती कंपनी शेअरबाजारांत गेली. एकत्र कुटुंबाच्या वाचकांस ही भावाभावांची जोडी विशेष आवडेल, म्हणून चार ओळी अधिक लिहिल्या.

मुद्दा असा कीं, त्या आरंभीच्या काळांत शत्रूची व्याख्या स्पष्ट होती. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकानें १९८४ सालीं ती लिहून ठेविली : जी आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलींत आपली प्रत घुसविते ती व्हायरस. देवीच्या रोगाप्रमाणेंच हा रोगहि पसरण्यावरून ओळखावयाचा. अँटिव्हायरसचें काम म्हणजे ज्ञात रोगांच्या खुणांची वही बाळगणें व प्रत्येक फाइल त्या वहीशीं ताडून पाहणें.

स्पायवेअर आणि अ‍ॅडवेअर, म्हणजे हेरगिरी करणाऱ्या व जाहिराती लादणाऱ्या आज्ञावली, या व्याख्येंत बसत नाहींत. त्या आपली प्रत कोठें घुसवीत नाहींत. फाइली पुसत नाहींत, यंत्र बंद पाडीत नाहींत. उलट यंत्र चालू राहावें यांतच त्यांचा लाभ असतो. आणि सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे त्या बहुधा रीतसर परवानगी घेऊन आंत येतात.

परवानगी कशी, तें माझ्याच पदरचें सांगतों. २००४ च्या सुमारास आमच्या घरीं पहिला संगणक आला. तो माजघरांत, सर्वांस दिसेल असा ठेविला होता. थोरल्या भावाच्या मुलाच्या लग्नाचा विचार चालू होता, म्हणून फुकट पत्रिका मांडून देणारी एक आज्ञावली मीं इंटरनेटवरून उतरवून घेतली. ती बसवितांना एक लांबलचक करारनामा पडद्यावर आला. मी शिक्षकी पेशाचा मनुष्य. मुलांना 'न वाचतां सही करूं नका' असें शिकविणारा. तरी तो करारनामा न वाचतां मीं 'मान्य' वर बोट दाबलें. पत्रिका मांडली गेली. गुणहि चांगले जुळले. परंतु त्या संध्याकाळपासून संगणक उघडला कीं जाहिरातींच्या खिडक्या आपोआप उघडूं लागल्या. आई देवांचीं चित्रें पाहावयास बसली असतां अशी एक खिडकी उघडली कीं तिनें पदरानें पडदा झांकला आणि त्यानंतर दोन वर्षें त्या यंत्रासमोर ती बसली नाहीं. अँटिव्हायरस तेव्हांहि आमच्यापाशीं होता, विकत घेतलेला होता, आणि त्यास कांहींएक गैर दिसत नव्हतें. माझी सहीच होती ना!

हाच युक्तिवाद त्या काळीं अमेरिकेंत जाहिरातवाल्या कंपन्या करीत होत्या, आणि निव्वळ तोंडानें नव्हे तर वकिलांमार्फत. 'गेटर' नांवाच्या कंपनीनें २००३ सालीं, आपल्या आज्ञावलीस 'स्पायवेअर' म्हटल्याबद्दल, 'पीसी पिटस्टॉप' या छोट्या संस्थेवर फिर्याद केली. शेवटीं तडजोड होऊन टीकेचा मजकूर काढून घ्यावा लागला. २००५ सालीं 'सिमँटेक' ही मोठी अँटिव्हायरस कंपनी 'हॉटबार' या कंपनीविरुद्ध स्वतःच न्यायालयांत गेली. तिला एवढेंच ठरवून हवें होतें कीं हॉटबारच्या मालास 'अ‍ॅडवेअर' म्हणण्याचा आपणांस अधिकार आहे. पहारेकऱ्यास 'हा हेर आहे' असें म्हणण्यापूर्वीं वकिलाचा सल्ला घ्यावा लागे, असा तो काळ! त्यामुळें मोठ्या कंपन्या जपून बोलत व हेर शोधण्याचें काम दुसऱ्यांनींच हातीं घेतलें. 'अ‍ॅड-अवेअर' व 'स्पायबॉट' हीं फुकट मिळणारीं उपकरणें तेव्हांच प्रसिद्ध झालीं. जाणती मुलें घरच्या संगणकांत तीं बसवीत, म्हणजे एका घरास दोन पहारेकरी. मायक्रोसॉफ्टनें डिसेंबर २००४ मध्यें असल्या उपकरणाची एक कंपनीच विकत घेतली. आज विंडोजबरोबर जो 'डिफेंडर' फुकट मिळतो त्याचें मूळ त्या खरेदींत आहे. 'संभाव्यतः अनावश्यक' हा सावध शब्दप्रयोग रूढ झाला तोहि याच वातावरणांत. तो शब्द शास्त्राचा नाहीं, वकिली भीतीचा आहे; आणि वीस वर्षांनंतर तोच करड्या अक्षरांत माझ्या पुतणीच्या फोनवर आला होता.

कायद्याची भीति कमी होण्यास एक निकाल कारण झाला. 'झँगो' नांवाच्या जाहिरात-कंपनीनें 'कॅस्परस्की' या अँटिव्हायरस कंपनीवर २००७ सालीं दावा लावला कीं, आमचा माल अडवून तुम्ही आमचें नुकसान करतां. अमेरिकेच्या अपील न्यायालयानें जून २००९ मध्यें तो फेटाळला. ग्राहकास आक्षेपार्ह वाटेल असा मजकूर गाळण्याचें साधन देणाऱ्यास कायद्याचें संरक्षण आहे, असें न्यायालयानें म्हटलें.

त्याच्याहि आधीं, ऑक्टोबर २००५ मध्यें, एक प्रकरण घडलें तें मला अधिक बोलकें वाटतें. 'सोनी बीएमजी' या विख्यात कंपनीनें आपल्या गाण्यांच्या तबकड्यांत नक्कल रोखण्यासाठीं एक आज्ञावली घातली होती. तबकडी संगणकांत घातली कीं ती आज्ञावली आंत शिरून स्वतःला अशी लपवी कीं यंत्राच्या मालकास ती दिसूंच नये. हें मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाच्या ध्यानांत आलें व त्यानें तें जाहीर केलें. त्यापूर्वीं तबकड्या महिनोन्महिने बाजारांत विकल्या जात होत्या आणि मोठमोठ्या अँटिव्हायरस कंपन्यांपैकीं कोणीं ओरड केली नव्हती. चोर अनोळखी असता तर कदाचित् केली असती. परंतु हा पाहुणा प्रतिष्ठित, नांवाजलेल्या घराण्यांतला! शेवटीं सोनीला तबकड्या परत मागवाव्या लागल्या.

या गोष्टीवरून माझें मत बनलें तें स्पष्ट सांगतों. आज्ञावली कशी आंत आली, कोणीं आणली, करारनाम्यावर सही होती कीं नाहीं, ती आपली पिलावळ वाढविते कीं नाहीं, हे प्रश्न पहारेकऱ्याचे नव्हेत. त्यानें एवढेंच पाहावें कीं हें जें आंत बसलें आहे तें काय करीत आहे, आणि ज्याच्या हातांत यंत्र आहे त्याला तें ठाऊक आहे काय. ठाऊक नसेल तर तें त्यास सांगावें; आणि पहिल्या ओळींत, ठळक अक्षरांत सांगावें. ठेवावयाचें कीं काढावयाचें हें घरधनी ठरवील.

आपल्या कायद्यानें ही गोष्ट फार पूर्वींच ओळखली आहे, हें वाचून मला नवल वाटलें. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ४३ वें कलम 'संगणक व्हायरस' आणि 'संगणक दूषितक' या दोहोंचा उल्लेख एका दमांत करतें. परवानगीवांचून यांपैकीं कांहींहि आंत घातलें तर तें गैर. आणि दूषितक म्हणजे काय? जी आज्ञावली यंत्रांतील माहिती बदलते किंवा नष्ट करते तीच नव्हे, तर जी ती नोंदवून ठेवते वा दुसरीकडे पाठविते तीहि. म्हणजे हेर आलाच. अप्रामाणिकपणें वा कपटानें हें कृत्य केल्यास ६६ व्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद आहे. इतकेंच नव्हे, भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाप्रमाणें स्त्रीच्या ईमेल-इंटरनेट इत्यादि व्यवहारावर पाळत ठेवणें हा पाठलागाचा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेंत तो २०१३ सालींच घातला गेला होता.

परंतु ४३ व्या कलमांत एक शब्द आहे आणि आमच्या घरची अडचण त्याच शब्दांत आहे. परवानगी कोणाची? यंत्राच्या 'मालकाची' अथवा तें ज्याच्या ताब्यांत आहे त्याची. फोन जांवईबापूंनीं विकत घेतला. पावती त्यांच्या नांवची. फोन पुतणीच्या हातांत. बोलणें तिचें, आईशीं केलेलें. तेव्हां मालक कोण? एकत्र कुटुंबांत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण आपल्याकडे वस्तु एकाची, पैसा दुसऱ्याचा आणि वापर तिसऱ्याचा हा नेहमींचा प्रकार. मी वकील नाहीं. तरी एवढें मला कळतें कीं भिंत ज्यानें बांधली त्याला भिंतीपलीकडचें ऐकण्याचा हक्क त्यामुळें मिळत नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. उलट जुलै २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें, पतिपत्नींच्या खटल्यांत एकानें दुसऱ्याचें चोरून ध्वनिमुद्रित केलेलें संभाषण पुरावा म्हणून घेतां येईल, असा निर्णय दिला. कित्येक गृहस्थांनीं तो वाचून हेरगिरीस मोकळीक मिळाली असा अर्थ काढला. निर्णय पुराव्याविषयीं आहे. बायकोच्या फोनमध्यें हेर बसविण्याचा परवाना त्यांत नाहीं.

अशा घरगुती हेरांस इंग्रजींत 'स्टॉकरवेअर' असें नांव पडलें आहे. 'मुलांची काळजी', 'कुटुंबाची सुरक्षितता' अशा गोड नांवांखालीं तीं विकलीं जातात. अनेक वर्षें कॅस्परस्कीसारखी कंपनी त्यांना 'नॉट-अ-व्हायरस', म्हणजे 'व्हायरस नव्हे', असा शेरा मारून सोडून देत असे. शेरा अक्षरशः खरा होता, आणि ज्या बाईनें तो वाचला तिला तो सर्वस्वीं खोटा धीर देणारा होता. ईव्हा गॅल्परिन या अमेरिकन विदुषीनें याविरुद्ध आवाज उठविला. त्यानंतर एप्रिल २०१९ मध्यें कॅस्परस्कीनें शेरा बदलून स्पष्ट इशारा देण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कांहीं अँटिव्हायरस कंपन्या व पीडित स्त्रियांस साहाय्य करणाऱ्या संस्था यांनीं मिळून एक संघ स्थापिला. २०२३ सालीं कॅस्परस्कीच्या ग्राहकांपैकीं जगभर ३१,०३१ जणांच्या फोनमध्यें असे हेर सांपडले. देशवार यादींत रशिया व ब्राझील यांच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक तिसरा, संख्या २,४९२. ही एकाच कंपनीच्या ग्राहकांची मोजदाद आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रत्यक्ष आंकडा किती असेल याची कल्पना करवत नाहीं.

सरकारें ज्यांच्याकडून शस्त्रें घेतात अशा मोठ्या हेरांची गोष्ट निराळी. २०१९ सालीं व्हॉट्सअ‍ॅपनें जगभरच्या सुमारें चौदाशें लोकांस 'पेगॅसस'च्या हल्ल्याविषयीं कळविलें, त्यांत आमच्या नागपुरचे एक वकीलहि होते. तो हेर बाजारी अँटिव्हायरसच्या आवांक्याबाहेरचा आहे. माझें म्हणणें चारदोन हजार रुपयांत कोणाहि नवऱ्यास, सासऱ्यास वा भावास मिळणाऱ्या हेराविषयीं आहे, आणि तो पकडतां येतो.

दुसऱ्या बाजूचे आक्षेप मात्र खरे आहेत. पहिला असा कीं पहारेकरी फार संशयी झाला तर भल्या माणसांसहि अडवील. दूरच्या संगणकावर बसून मदत करण्याचीं अ‍ॅप्स आहेत. त्यांच्या साहाय्यानें पुण्याचा मुलगा गोंदियांतल्या वडिलांचा संगणक दुरुस्त करतो, आणि त्यांच्याच साहाय्यानें ठग 'मी बँकेतून बोलतों' असें म्हणून वृद्धांचें खातें रिकामें करतात. अ‍ॅप एकच, हेतु दोन. हेतु ओळखण्याचें यंत्र निघालेलें नाहीं. शिवाय प्रत्येक खडखडाटाला भुंकणाऱ्या कुत्र्याकडे शेवटीं कोणी पाहत नाहीं. २०२४ च्या लग्नसराईंत व्हॉट्सअ‍ॅपवरून लग्नपत्रिका म्हणून अ‍ॅपची फाइल पाठवून लुबाडण्याचा प्रकार देशांत ठिकठिकाणीं झाला. तेव्हां फोन 'अनोळखी अ‍ॅप बसवूं नका' असा इशारा देतच होता, आणि लोक रोजचीच कटकट समजून पुढें जात होते.

दुसरा आक्षेप अधिक बोंचणारा आहे. पहारेकऱ्यास सर्व खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, तर त्याच्यावर पहारा कोणाचा? 'अ‍ॅव्हास्ट' हा फुकट मिळणारा अँटिव्हायरस आपल्याकडेंहि पुष्कळांनीं वापरला. माझ्या शाळेंतल्या संगणकांतहि तो होता. लोक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती गोळा करून ती तिची पोटकंपनी विकत असे, हें जानेवारी २०२० मध्यें बाहेर आलें. पोटकंपनी बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेच्या व्यापार आयोगानें अ‍ॅव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. हेर पकडण्यासाठीं ठेवलेला मनुष्य स्वतःच हेर निघाला. म्हणून जो फुकट पहारा करतो त्याचें पोट कोठून भरतें, हा प्रश्न गृहिणी दूधवाल्याला विचारतात तितक्याच सहजतेनें विचारला पाहिजे. ज्यांस विकत घेणें परवडत नाहीं त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें २१ फेब्रुवारी २०१७ पासून 'सायबर स्वच्छता केंद्र' चालविलें आहे. तेथें संगणक व मोबाईल साफ करण्याचीं साधनें विनामूल्य मिळतात. आमच्या बाजारांतल्या दुरुस्तीवाल्यांपैकीं किती जणांस तें ठाऊक आहे हें मीं विचारून पाहिलें. चार दुकानांत विचारलें. चौथ्यानें 'सर, फॉरमॅट मार देते हैं' असें आमच्या गोंदियाच्या पद्धतीनें हिंदींत उत्तर दिलें.

आणि नेमकें तेंच करावयाचें नव्हतें! हें मला त्या दिवशीं माझ्या पुतण्यानें शिकविलें. मी रागानें उठलों होतों. अ‍ॅप ताबडतोब काढून टाक, असें म्हणालों. तो म्हणाला, "काका, थांबा. हें काढलं कीं तिकडे त्यांना लगेच कळेल. मग ताई परत जाईल तेव्हां काय?" हा विचार माझ्या डोक्यांत आला नव्हता. पीडितांस साहाय्य करणारेहि हेंच सांगतात कीं हेर सांपडल्याबरोबर उपटून फेंकणें हें नेहमींच शहाणपणाचें नसतें. त्याबरोबर पुरावा नाहींसा होतो, आणि पाळत ठेवणारा सावध होतो, कधीं हिंस्रहि होतो. म्हणून पहारेकऱ्यानें हेर आपण होऊन हांकलावा असें मी म्हणत नाहीं. ओळखावा, घरच्या माणसाच्या कानांत स्पष्ट शब्दांत सांगावें, आणि पुढचें तिच्यावर सोडावें.

आम्हीं मग असें केलें. फोन नेहमींप्रमाणें माजघरांत, टीव्हीजवळ ठेवला. पडद्यावरच्या सर्व पानांचीं छायाचित्रें दुसऱ्या फोननें काढलीं. तारीख व वेळ लिहून ठेवली. बोलावयाचें असेल तेव्हां पुतणी तिच्या आईसह गच्चीवर जाई. भाऊबीजेच्या दिवशीं घर पाहुण्यांनीं भरलेलें आणि मायलेकी गच्चीवर, धान वाळत घातलेल्या ताडपत्रीच्या कडेला बसून हलक्या आवाजांत बोलत आहेत, हें दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीं. आपल्याच माहेरच्या घरांत मुलीला उघडपणें बोलतां येऊं नये! नंतर आईच्या फोनवरून नागपुरच्या एका वकीलबाईंचा सल्ला घेतला. पुढें तिनें काय ठरविलें तें लिहिण्याचा मला अधिकार नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्यानें घरांतले सगळे मोबाईल ओळीनें मांडले. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्यें 'अनावश्यक अ‍ॅप शोधा' असें एक बटण असतें. आमच्या घरच्या बहुतेक फोनांत तें बंदच होतें, विकत घेतल्यापासून. त्यानें एकेक फोनमधलें बटण चालू करून तपासणी केली. मुलांच्या खेळांतून आलेलीं जाहिरातखोर अ‍ॅप्स निघालीं, आईच्या फोनमध्यें बॅटरी वाढविण्याचें आश्वासन देणारें एक निरुपयोगी अ‍ॅप निघालें. मग माझ्या मुलीचा फोन आला. ती नागपुरास वसतिगृहांत राहून शिकते, वय एकोणीस. करडी ओळ पुन्हां उमटली.

तो अ‍ॅप मींच बसविला होता.

दोन वर्षांपूर्वीं ती प्रथमच घर सोडून निघाली, तेव्हां ती सतरा वर्षांची होती. एका स्नेह्यानें सुचविलें. मीं रात्रीं बसून तो बसविला, तिला कळविलें नाहीं. ती अमुक वाजतां वसतिगृहांत पोंचली हें मला कळे व मला झोंप लागे. गूगलच्या दुकानांत १ ऑक्टोबर २०२० पासून असा नियम आहे कीं मुलांवर लक्ष ठेवणारें अ‍ॅप आईबापांस घेतां येतें, परंतु तें लपून राहतां कामा नये. आपण चालू असल्याची खूण त्यानें फोनच्या पडद्यावर सतत दाखविली पाहिजे. म्हणूनच माझा अ‍ॅप त्या दुकानांतला नव्हता. बाहेरून आणलेला होता. जांवयावर आदल्या दिवशीं मी जें जें बोललों होतों तें सर्व घरच्यांनीं ऐकलें होतें. आतां कोणी कांहीं बोललें नाहीं. आईनें फक्त माझ्याकडे पाहिलें.

मुलगी म्हणाली, "बाबा, काय काय वाचलंत तुम्ही?"

खोटें सांगण्यांत अर्थ नव्हता. ठावठिकाणा रोज पाहत होतों. संदेश एकदांच उघडले. परीक्षेच्या दिवसांत ती फोनवर रडली होती, त्या रात्रीं. तें तिला सांगितलें. तिनें फोन घेतला, भावाला विचारून अ‍ॅप स्वतःच्या हातानें काढला, आणि आंत जाऊन वहिनींना करंज्या भरावयास मदत करूं लागली. दिवाळी संपून ती परत गेली तेव्हां गाडींतून पोंचल्याचा फोन केला नाहीं. आतां रात्रीं नऊच्या सुमारास तिचा फोन कधीं येतो, कधीं येत नाहीं. नाहीं आला तर मी दहापर्यंत जागा राहतों आणि मग निजतों.